चोवीस इंच दोन सूत

"चोवीस इंच दोन सूत," बापू पट्टीवरून डोळा न हलवता म्हणाले. "लागत न्हाय. तुझी गोळी चोवीसला संपती."

टेबलावर आम्ही चौघं वाकलो होतो. टेबल म्हणजे आठ बाय चारचा प्लायवूड. त्यावर साच्याच्या काळ्या वाळूच्या ठोकून बसवलेल्या टेकड्या आणि खडूनं आखलेली एक नदी. अलीकडच्या काठावर माझा रोबो, ठकी. आठ इंच उंच, दोन्ही हात उडालेले, खांद्यावरची लांब तोफ तेवढी शिल्लक. पलीकडे बापूंचा रोबो, सरकार. त्याचा एक पाय मोडला होता, आणि गोळ्या झाडून झाडून तो इतका तापला होता की नियमाप्रमाणे या डावापुरता बंद पडला होता. पुढच्या डावात तो गार होणार आणि ठकीचा भुगा करणार, यात कुणालाच शंका नव्हती. म्हणजे मला ही एकच गोळी होती आणि ती पाव इंचानं कमी पडत होती. आमच्याकडे इंचाचे आठ सूत, त्यातले दोन.

"परत एकदा मोजा की," मी म्हणाले.

"दहा येळा मोजतो. वाढतंय का बघ."

हा खेळ आमच्यात कसा आला ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही सगळे खुळे होतो. थोडे होतोच. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी फाउंड्री होती. तिथला लेथवाला इस्माईल मुजावर, त्याच्या मावसभावानं दुबईहून एक खोकं पाठवलं. आत अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे रोबो, दोन फासे आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक. रोबो एकमेकांवर चालून जायचे, पट्टीनं अंतर मोजून गोळ्या घालायच्या, लागलं की नाही ते फाशांनी ठरवायचं आणि उडालेल्या हातापायावर कागदावर फुली मारायची. बापूंनी त्यातला एक रोबो चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, "ह्यो रोबो हाय का कोटाचं बटन?" झालं. दिवसभर वितळलेला धातू ओतणारी माणसं ती. महिन्याभरात प्रत्येकाचा वीतभर उंचीचा, ॲल्युमिनियमचा रोबो तयार झाला आणि सुट्टीच्या दिवशी पॅटर्न शॉपच्या माळ्यावर लढाया सुरू झाल्या.

नियमांचं मराठी मी केलं, दोनशे पानी वहीत, कारण अक्षर माझं चांगलं होतं. मी ड्रॉईंग ऑफिसात होते. वैजयंता टिपुगडे, वय तेवीस, काम दुसऱ्याच्या ड्रॉईंगवरून ट्रेसिंग करणं. मूळ नियमांत आमच्या लोकांनी आपली भर घातली. रोबो किती तापला हे मोजायला शेजारी नट रचायचे, सात नट झाले की एक डाव बंद. गोळी आधी जाहीर करायची आणि मग अंतर मोजायचं. दुसऱ्याच्या रोबोला हात लावायचा नाही, कारण इस्माईलभाईचं कोपर नेहमी नको तिथं लागायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम बापूंचा: शेवटी उरलेल्या दोघांत जो हरेल, त्याचा रोबो मुशीत. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. हरलेल्यानं स्वतःच्या हातानं आपला रोबो वितळवायचा आणि त्या धातूतून जिंकणाऱ्याला नवा ओतून द्यायचा.

बापू इंगवले म्हणजे फाउंड्रीचे सुपरवायझर. चार वर्षांत त्यांनी सहा रोबो मुशीत घातले होते. दर वेळी सरकार नव्यानं ओतला जायचा आणि थोडा जास्त जाड व्हायचा. आता तर त्याचं पोट असं सुटलं होतं की तो बापूंचाच कुणी भाऊबंद वाटावा.

मला मात्र रोबोपेक्षा पॅटर्न शॉप हवं होतं. ओतकामात आधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा उठवायचा, पॅटर्न काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. आमच्याकडचे पॅटर्न धोंडीराम मिस्त्री करायचे. त्यांच्या हाताखाली शिकायचं मी मनात पक्कं केलं होतं. ट्रेसिंग करून करून माझा जीव विटला होता. कागदावर वस्तू काढायची आणि ती कधी हातात धरायची नाही, हे मला सहन होत नव्हतं. मालकांना तीनदा विचारलं. मालक तिन्ही वेळा म्हणाले, "बापू म्हणतील तसं." आणि बापू म्हणाले, "पॅटर्न शॉपात बाई कधी बघितलीस का?"

"तुम्ही घेतलीत की दिसेल."

सगळे हसले. बापूही हसले, पण त्यांना ते लागलं. म्हणाले, "बरं. टेबलावर सरकारला पाड, दुसऱ्या दिवशी पॅटर्न शॉपात जा, मी मालकांना सांगतो. पण हरलीस तर तुझा रोबो मुशीत, आणि ह्यो विषय परत काढायचा न्हाय."

मी हो म्हणाले. एकच अडचण होती. माझ्याकडे रोबो नव्हता.

पॅटर्न मी स्वतः कोरला. घरी, शिवणीच्या लाकडात, मोडक्या हॅक्सॉच्या पात्याला धार लावून. पंधरा दिवसांत दोन बोटं कापली. पण पॅटर्न झाला तरी साचा भरायला बापूंची माणसं लागणार. मी विचारलं की बापू म्हणायचे, "आज गडबड हाय, उद्या बघू." असे सात उद्या झाले आणि लढाईचा दिवस उजाडला. मग मी काय केलं, ठकीच्या पोटात भोक पाडून शिसं भरलं, बूच मारलं, वरून चंदेरी रंगाचे दोन हात दिले आणि तिला टेबलावर उभी केली. इतर सगळे रोबो धातूचे, माझी एकटी लाकडाची. दुसऱ्याच्या रोबोला हात लावायचा नाही हा नियम त्या दिवशी मला फार आवडला. जिंकले तर कुणाला कळायचं कारण नव्हतं. हरले तर मात्र मुशीत टाकल्यावर वितळायच्या ऐवजी ती पेटली असती, आणि मग पॅटर्न शॉप राहू दे, फाउंड्रीच्या गेटमधून आत यायला तोंड राहिलं नसतं.

लढाई तिघांची होती, मिस्त्री पंच. पंच म्हणून त्यांच्याशी कुणी कधी वाद घातला नाही. हा माणूस सुताचा अर्धा भागसुद्धा खोटा बोलायचा नाही. गिऱ्हाईक माप तपासायला कॅलिपर काढायचं आणि मिस्त्रींनी आकडा सांगितला की कॅलिपर परत खिशात ठेवायचं. एकदा तर आठ दिवस खपून केलेला पॅटर्न त्यांनी स्वतःच भिंतीला टेकवून ठेवला. "अर्धा सूत गेलाय," एवढंच म्हणाले आणि नवा करायला घेतला.

इस्माईलभाईनं सुरुवातीलाच आपला स्वभाव दाखवला. सकाळी चहाला मला म्हणाला, "वैजू, मी बापूला अडवतो, तू मागून हाण." मी खूश. पहिल्या डावात त्याचा रोबो बुलबुल थेट माझ्यावर चालून आला आणि ठकीचा डावा हात उडवला.

"इस्माईलभाई, हे काय?"

"बापूलाबी तेच बोललोय की. आता दोघांनाबी शब्द दिलाय म्हटल्यावर दोघांचंबी थोडं थोडं करायला पायजे."

आणि खरंच, पुढच्या डावात वळून त्यानं सरकारचा पाय मोडला. बापूंना इतका राग आला की त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सलग तीन डाव सगळ्या तोफा बुलबुलवर सोडल्या. बुलबुल पडला, पण सरकारशेजारी नटांची चवड सातावर गेली. मधेच पडणाऱ्याला माफी असायची, तेव्हा इस्माईलभाईनं आपला रोबो उचलून खिशात टाकला आणि निवांत स्टूल ओढून बसला. त्या गडबडीत ठकीचा दुसरा हातही गेला, पण ती नदीपर्यंत पोचली. तिथून मी गोळी जाहीर केली. अंदाजानं मला बरोबर चोवीस वाटले होते. पुढचं सांगितलंच आहे.

"लागत न्हाय," बापू पुन्हा म्हणाले आणि मशीन शॉपातून आणलेली तीन फुटी स्टीलची पट्टी उचलायला लागले.

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

ते उठले, आपल्या बाकड्यापाशी गेले आणि भिंतीवरची दोन फुटी पट्टी काढून आणली. एक टोक ठकीच्या पायाशी लावलं. दुसरं टोक सरकारच्या पायाला टेकून वर अर्धा सूत पुढं गेलं.

"चोवीसच्या आत हाय," मिस्त्री म्हणाले.

बापूंनी एकदा पट्टीकडे बघितलं आणि लगेच ओळखलं. "मिस्त्री, ही पॅटर्नची पट्टी हाय."

"व्हय."

आता हे समजून घ्या. ओतलेला धातू गार होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करायचा असतो. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर इंचच लिहिलेले असतात, पण प्रत्येक इंच जरा ताणलेला. ॲल्युमिनियमला फुटामागं सव्वा सूत. दोन फुटाला अडीच सूत. आणि मला दोनच हवे होते.

"ह्या पट्टीनं मोजायचं म्हंजे काय पोरखेळ हाय का?" बापू म्हणाले. "इंच म्हंजे इंच."

"कुणाचा इंच?" मिस्त्रींचा आवाज नेहमीसारखा, फळी रंधताना बोलावं तसा. "मशीन शॉपात तुमचा इंच. हितं माझा. ओतून गार झालेल्या मालाला तुमची पट्टी लावायची, पॅटर्नला माझी. चाळीस वर्सं आसंच चाललंय. गोळी हिची, तोफ हिची. तवा हिचा रोबो काय हाय, त्येच्यावर ठरंल." आणि मग ते माझ्याकडे वळले. "सांग बाई. ही ओतलेली हाय का पॅटर्न हाय?"

म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता, पण त्यांनी माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं आणि आत जायचं तर आधी चोरी कबूल करायला लागणार होती. मला भयंकर भीती वाटली. खोटं बोलावं तर पुढच्या डावात हरणार आणि मग मुशीत धूर निघणार. मी पेन्सिल तासायचं ब्लेड काढलं आणि ठकीच्या पाठीवर एक लांब चरा ओढला. चंदेरी रंगाखालून शिवणीचं पिवळट लाकूड दिसलं.

बापू वाकून त्या चऱ्याकडे बघायला लागले.

"लाकूड," बापू म्हणाले. "सकाळधरनं मी लाकडाशी लढतोय." मग त्यांचा आवाज चढला. "ही बाद. रोबो ओतलेला पायजे."

"असं कुठं लिवलंय?" स्टुलावरून इस्माईलभाई म्हणाला. वही त्याच्या मांडीवर होतीच. त्यानं बोट लावून सावकाश वाचलं, "नियम पहिला. रोबो ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं केलेला असावा. बापू, ह्यो तर तुम्हीच लिवून घेतलाय."

"मग?"

"न्हाय, सहज इचारतो. सरकारचा पॅटर्न कुणी केला?"

बापूंनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री छताकडे बघत होते.

"मिस्त्रींनी."

"साचा?"

"मारुतीनं भरला."

"ओतला कुणी?"

"मी हुतो की तिथं."

"हुता," इस्माईलभाई मान डोलावत म्हणाला. "माझाबी तसाच हाय, मी काय नाव ठेवत न्हाय. पण नियम लावायचाच म्हटला तर टेबलावर नियमातली एकटी ठकीच हाय."

बापूंनी वहीकडे बघितलं. माणूस आडदांड होता, पण स्वतः लिहून घेतलेला नियम मोडणारा नव्हता. त्यांनी स्टीलची पट्टी बाजूला ठेवली आणि फासे माझ्यापुढे सरकवले.

"टाक. नऊ पायजेत."

नऊ किंवा वर. सहज पडणारा आकडा नव्हे तो. मी फासे टाकले. एकावर पाच पडले. दुसरा घरंगळत जाऊन वाळूच्या टेकडीला अडला आणि तिथंच कलंडला. आम्ही चौघांनी माना वाकड्या करून बघितलं. चार.

बापूंनी सरकारला उचललं, दोन्ही हातांनी, आणि जिना उतरले.

भट्टी त्यांनीच पेटवली. सरकार मुशीत बसेना, तेव्हा हातोडीनं त्याचं पोट आत घातलं. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. खाली थांबलेला साचेवाला मारुती पुढं आला तर बापूंनी त्याला हातानं मागं सारलं. "ऱ्हाऊ दे. आज मीच भरतो." बाह्या सारून त्यांनी पेटीत वाळू चाळली, ठोकली, आणि हात वाढवून ठकी मागितली. मी दिली. किती वर्षांनी ते साचा भरत होते कोण जाणे, पण हात विसरले नव्हते. पेटी उलगडून त्यांनी ठकीला टिचकीनं हलवलं आणि सरळ वर उचललं. साच्याची एकही कड ढासळली नाही; पॅटर्नच्या बाजूंना नीट उतार असला तरच तो असा सुटतो. बापूंनी त्या पोकळीत वाकून बघितलं, मग पॅटर्नच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उतार बरा दिलायस," ते म्हणाले. बस, एवढंच. मला मात्र उडी मारावीशी वाटली.

धातू ओतला, गार झाला, वाळू झाडली. नवी ठकी काळीकुट्ट आणि अजून हाताला चटका देणारी. बापू भट्टीपाशी घाम पुसत बसले. इस्माईलभाई चहा सांगायला गेला. मिस्त्रींनी ठकीला पकडीनं उचलून वर आपल्या बाकड्यावर आणलं, पाण्यात बुडवलं, पुसलं आणि बापूंचीच स्टीलची पट्टी तिच्या अंगाला लावली. मी शेजारी उभी होते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हळूच विचारलं.

"नाव ठेवलंस तवाच. ठकी म्हंजे भावली, ती लाकडाचीच असती." त्यांचा डोळा पट्टीवर होता. मग तो तिथंच थांबला. त्यांनी पट्टी उचलून पुन्हा लावली. "ड्रॉईंगला किती हुती?"

"आठ."

"पाऊण सूत कमी भरती."

माझ्या डोक्यात अजून उजेड पडेना. "आकसली असेल."

"आकसणारच. त्येच्यासाठीच ती पट्टी असती." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कुठल्या पट्टीनं कोरलीस गं?"

"माझ्याच," मी म्हणाले. "ऑफिसच्या."

शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्या डोक्यात सगळं खाडखाड जुळलं. पॅटर्न मी साध्या इंचानं केला होता. ताणलेला इंच त्यात कुठंच नव्हता. पंधरा दिवस बोटं कापून घेतली आणि शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात तेवढंच विसरले होते. म्हणजे ठकीला साधीच पट्टी लागत होती. म्हणजे चोवीस इंच दोन सूत.

"मिस्त्री," मी म्हणाले, "मग मघाची गोळी..."

"तोंड मीट."

"पण बापूंचं मोजणं बरोबर..."

"मीट म्हटलं न्हवं."

तेवढ्यात खालून भट्टीकडून बापूंची हाक आली. "मिस्त्री, किती भरली वो?"

मिस्त्रींनी ठकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. भिंतीला टेकवून ठेवलेला तो अर्ध्या सुताचा पॅटर्न अजून तिथंच होता, त्याच्याकडेही त्यांची नजर गेली असावी. आता हे खरं सांगणार, दुसरं काही सांगणं या माणसाला येतच नाही, असं मला वाटलं.

"आठ," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. "नेमकी आठ."

"मग झ्याक," बापू म्हणाले, आणि पुन्हा घाम पुसायला लागले.

मिस्त्रींनी ठकी माझ्या हातात दिली. मग भिंतीवरची आपली दोन फुटी पट्टी काढली, फडक्यानं पुसली आणि तीही दिली.

"उद्या आठला ये," ते म्हणाले. "आन् ती ऑफिसची पट्टी घरात ठिवून ये."